जबडा दुखतोय? आधी दात सुटे ठेवायला शिका

कान दुखतोय म्हणून मी पंधरा दिवस कानात थेंब घालत होते. त्याआधी आईच्या आग्रहाने लसणीचं कोमट तेलही घालून झालं होतं. (तेवढं मात्र तुम्ही करू नका.) शेवटी नौपाड्यातल्या एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दोन्ही कान तपासले, "कान अगदी स्वच्छ आहेत" म्हणाले, आणि कानाच्या भोकापुढे बोट टेकवून मला आ करायला सांगितलं. आ केला तसं आत कट्कन वाजलं. इतके दिवस मला वाटत होतं, हा आवाज फक्त मलाच येतो. त्यांच्या बोटालाही तो लागला.

"जबड्याचा सांधा आहे हा. डेन्टिस्टना दाखवा आणि फिजिओथेरपी करा," एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्यानंतरच्या तीन महिन्यांत डेन्टिस्ट आणि फिजिओथेरपिस्ट मॅडमनी जे शिकवलं, ते नवीन माणसासाठी लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. राहते ठाण्यात, वाशीला एका ऑफिसात अकाउंट्स बघते, आणि मार्चअखेरीला दात आवळून काम करते. हे 'दात आवळून' शब्दशः खरं आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

व्यायामाच्या नादी लागण्याआधी

काही दुखणी जबड्यात जाणवतात, पण त्यांना व्यायाम चालत नाही. स्टेशनचा पूल चढताना जबडा भरून येतो, बरोबर छातीत दडपण, घाम, हात जड पडणं असं काही असेल तर ते हृदयाचं असू शकतं. १०८ ला फोन करा, बाकी काही करत बसू नका. पन्नाशीनंतर नव्यानेच चावताना जबडा दमू लागला, कानशिलं ठणकू लागली, नजर अंधूक झाली, तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जांभई देताना तोंड उघडंच अडकलं, पडल्या-आपटल्यानंतर दात नीट जुळेनासे झाले, गालावर सूज आणि ताप आहे, ओठ किंवा हनुवटी बधिर झाली आहे, तर सरळ हॉस्पिटल. अडकलेला जबडा घरच्या घरी दाबून बसवायला जाऊ नका.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार दिसते. गुटखा, मावा, सुपारी खाणाऱ्या माणसाचं तोंड महिन्यागणिक कमी उघडायला लागतं, तिखट लागलं की आग होते, गालाची आतली बाजू पांढुरकी आणि ताठ होते. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी असली तरी पुड्या कुठे मिळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. हा सांध्याचा आजार नव्हे. यात तोंडाच्या आतलं अस्तरच आखडत जातं आणि पुढे कॅन्सरचाही धोका असतो. त्या माणसाने खालचे व्यायाम करत वेळ घालवू नये, सुपारी त्याच दिवशी बंद करून डेन्टिस्टकडे जावं.

सांधा कुठे आहे, दुखतं कुठे

दोन्ही तर्जन्या कानाच्या भोकांच्या अगदी पुढे ठेवा आणि हळूच तोंड उघडा. बोटाखाली काहीतरी फिरतं, मग पुढे सरकतं आणि मागे छोटा खळगा पडतो. तोच सांधा. डॉक्टर त्याला टीएमजे म्हणतात. पहिल्या टप्प्यात तो दाराच्या बिजागरीसारखा फिरतो, त्यापुढे तोंड उघडायचं तर जबड्याचं डोकं उतारावरून पुढे घसरतं. दोन हाडांच्या मध्ये एक पातळ चकती असते. ती जागेवरून पुढे सरकली असेल तर तोंड उघडताना जबडा तिच्यावर चढतो आणि कट् वाजतं. नुसता आवाज येतो, दुखत नाही, तोंड पूर्ण उघडतं, असं असेल तर त्याचं काही करावं लागत नाही. कित्येकांचे सांधे जन्मभर वाजतात.

दुखणं मात्र बऱ्याचदा सांध्यापेक्षा स्नायूंचं असतं. गालावर हात ठेवून दाढा आवळा. जो टणक गोळा वर येतो तो मॅसेटर, चावण्याचा मुख्य स्नायू. कानशिलांवर बोटं ठेवून पुन्हा आवळा, तिथेही हालचाल लागेल. दिवसभर या दोघांना कामाला लावलं की संध्याकाळी डोकं धरतं, कान दुखतो, वरच्या दाढाही दुखल्यासारख्या वाटतात. चांगली दाढ काढून टाकून दुखणं तसंच राहिलेले लोकही मला वेटिंग रूममध्ये भेटले.

आरसा, टिकल्या आणि तीन बोटं

पहिल्या दिवशी मोजमाप करून ठेवा, नाहीतर महिन्याने बरं वाटतंय की नाही यावर घरात वाद होतात. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक अशी उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. आपल्याच हाताची तीन बोटं बसली तर तोंड साधारण ठीक उघडतंय. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० ते ५० मिमी उघडतं. मला पहिल्या दिवशी दोनच बोटं गेली होती. तिसरं जबरदस्तीने घालू नका, किती गेली ते वहीत लिहा.

मग आरसा. बाथरूमच्या आरशावर माझ्या टिकल्या चिकटवलेल्या असतातच. त्यातल्या तीन मी एकाखाली एक सरळ रेषेत लावल्या. मधली टिकली नाकाच्या शेंड्यासमोर येईल असं उभं राहायचं आणि सावकाश तोंड उघडायचं. हनुवटी टिकल्यांच्या रेषेवरून खाली जाते की एका बाजूला पळते ते बघा. माझी उजवीकडे जाऊन परत मध्ये यायची, सापासारखी. हेही वहीत.

पहिला आणि सगळ्यात मोठा व्यायाम: जिभेची जागा

मॅडमनी पहिल्या भेटीत मला एकच प्रश्न विचारला. "आत्ता तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांना लागलेत का?"

लागलेले होते. मी म्हटलं, "मग कुठे असायला हवेत?"

"सुटे. ओठ मिटलेले, दात सुटे. दात लागायचे ते घास चावताना आणि गिळताना. बाकी दिवसभर त्यांचं एकमेकांशी काही काम नाही."

चाळीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

करायचं असं. 'न' म्हणा, पण 'न' वरच थांबा. जिभेचा शेंडा वरच्या पुढच्या दातांच्या मागे टेकतो. तिथून तो किंचित वर न्या, जिथे टाळूला खरखरीत वळ्या लागतात तिथे. शेंडा तिथेच अलगद ठेवायचा, दाबायचा नाही, आणि तो दातांना ढकलत नाही ना ते बघायचं. ओठ मिटायचे. आता दाढांमध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट राहू द्यायची. श्वास नाकाने. जीभ या जागी असताना दात आवळणं अवघड जातं, म्हणून हा खटाटोप.

अवघड आहे ते आठवण ठेवणं. मी ठाणे-वाशी लोकलला कामाला लावलं. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. "पुढील स्टेशन" ऐकलं की जीभ वर, दात सुटे, खांदे खाली. जाताना आठ वेळा, येताना आठ वेळा, तेही फुकट. गर्दीत हँडल धरून, पुढे बॅग लटकवून उभं राहिलं की माणूस दात आवळतोच, त्यामुळे जागाही अगदी योग्य. घोडबंदर रोडला गाडीने जाणाऱ्यांना प्रत्येक सिग्नल आहेच, आणि तिथे सिग्नलची कमतरता नाही. ऑफिसात मी मॉनिटरच्या कोपऱ्यात एक टिकली लावली. शेजारच्या मुलीने विचारलं, हे काय? सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिच्याही मॉनिटरवर टिकली होती.

पहिले दहा दिवस एवढंच केलंत तरी चालेल. बाकीचे व्यायाम यावरच उभे आहेत.

शेक आणि चोळणं

व्यायामाआधी जाड नॅपकिन गरम पाण्यात बुडवून पिळायचा आणि गालापासून कानशिलापर्यंत दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा. गार होत आला की पुन्हा. त्वचा भाजेल इतका गरम नको. दुखणं आजच अचानक उसळलं असेल तर गरमऐवजी फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं.

मग तीन बोटं गालावर. एकदा दाढा आवळून तो गोळा शोधा आणि लगेच दात सोडा. आता त्या जागी अर्धा मिनिट गोल गोल फिरवा, नंतर गालफडाच्या हाडापासून जबड्याच्या कडेपर्यंत वरून खाली ओढत आणा. हाताला खोबरेल लावलं तर बोटं सरकतात. कणीक तिंबायचा जोर नको. दुखेल, पण 'बरं वाटतंय' असं दुखेल इतपतच. कानशिलांवर तसंच. प्रत्येक बाजूला एक-दोन मिनिटं पुरे.

आता हालचाल

चिलीचे फिजिओथेरपिस्ट मारियानो रोकाबाडो यांच्या नावाने एक क्रम ओळखला जातो: सहा व्यायाम, प्रत्येक सहा वेळा, दिवसातून सहा वेळा. मला शिकवलेले व्यायाम बरेचसे त्याच वळणाचे. मॅडमचा भर आकड्यातल्या मेखेवर होता: एका वेळी थोडं, पण दिवसभर विखुरलेलं. मी नेमकं उलटं केलं. पहिल्या रविवारी उत्साहाच्या भरात एका बैठकीत तीस वेळा, तेही मोठ्ठा आ करून. सोमवारी डब्यातली पोळी चावता येईना, ताकात कुस्करून खाल्ली. तेव्हा नियम लिहून घ्या: करताना दुखता कामा नये, आणि तासाभराने आधीपेक्षा जास्त दुखलं तर पुढच्या वेळी निम्मं करायचं.

तोंड उघडण्यापासून सुरुवात करू. जिभेचा शेंडा टाळूला, दोन्ही तर्जन्या सांध्यांवर. जीभ न सोडता जेवढं उघडेल तेवढंच तोंड उघडायचं. जीभ सुटायला लागली की थांबा आणि सावकाश मिटा. बोटाखाली सांधा फिरला पाहिजे, पुढे उडी मारता कामा नये. सहा वेळा. आरशातल्या टिकल्या इथे कामाला येतात. हनुवटी पळायला लागली की तिथेच थांबून, थोडं मागे येऊन, पुन्हा सरळ खाली न्यायची. माझा कट् आवाज या पद्धतीने उघडताना येतच नव्हता. जीभ जबड्याला फार पुढे घसरू देत नाही, म्हणून.

यापुढचा व्यायाम हलका प्रतिकार करण्याचा. बोटभर तोंड उघडून जीभ जागेवर ठेवा. दोन बोटं हनुवटीखाली. हात वर ढकलतो, जबडा तिथेच राहतो. पाच-सहा सेकंद, मग सोडा. नंतर बोटं हनुवटीच्या उजव्या बाजूला, मग डाव्या बाजूला. जबडा कुठेही हलायचा नाही. जोर किती? पाडाचा चिकू पिकलाय का हे बघायला आपण जेवढा दाबतो तेवढा. चिकूवर बोट उमटलं तर जोर जास्त झाला. प्रत्येक दिशेला सहा वेळा.

आडवी सरक हा मला सगळ्यात आवडलेला व्यायाम, कारण फरक लवकर कळतो. मेडिकलच्या दुकानात जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या मिळतात. आईस्क्रीमच्या स्वच्छ काड्याही चालतील. तीन-चार एकावर एक ठेवून पुढच्या दातांमध्ये हलकेच धरा, चावू नका. आता खालचा जबडा डावीकडे सरकवा, मध्ये या, उजवीकडे सरकवा, मध्ये या. ज्या बाजूला कमी सरकतो तिकडे ओढाताण करू नका. आठवड्याने सहज जमलं तर एक काडी वाढवा.

मान विसरलात तर निम्मं काम राहिलं. मोबाइलवर वाकलेली मान पुढे येते तेव्हा जबड्याला मागे-खाली ओढणारे स्नायूही ताणतात. भिंतीला पाठ लावून उभे राहा, नजर समोर, हनुवटी खाली न वाकवता सरळ मागे घ्या. गळ्याखाली दुसरी हनुवटी आली की बरोबर जमलं; फोटो काढू नका. पाच सेकंद, सहा वेळा. मग खांदे मागे आणि खाली. माझा लॅपटॉप आता जुन्या दिवाळी अंकांच्या थप्पीवर असतो, स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत. इतकी वर्षं जपलेल्या अंकांचा हा उपयोग त्यांच्या संपादकांनी कल्पिला नसेल.

बोटांनी दात फाकवून तोंड ताणायचा एक व्यायाम व्हिडिओंमध्ये दिसतो. तो तोंड खरोखर आखडलेल्यांसाठी आहे आणि किती, केव्हा ते तपासणाऱ्यानेच ठरवायचं. चकती अडकलेली असताना जोर लावला तर दुखणं वाढतं. आपल्या मनाने करू नका.

जांभई, कणीस आणि वडापाव

जांभई आली की जीभ टाळूला आणि मूठ हनुवटीखाली. ट्रेनमध्ये विचित्र दिसतं, सवय होते.

खाण्याचं सोपं सूत्र आहे: लहान घास, मऊ घास, दोन्ही बाजूंनी चावायचा. पहिले दोन-तीन आठवडे वरणभात, खिचडी, पिठलं, आमटीत कुस्करलेली भाकरी. चकली, शेंगदाण्याची चिक्की, कडक बुंदीचे लाडू, सोलून खायचा ऊस बंद. च्युइंगम तर पूर्ण बंद. "तेवढाच जबड्याला व्यायाम" हे मलाही दोघांनी सांगितलं, पण ज्या स्नायूला विश्रांती हवी त्यालाच ते राबवणं झालं. पावसाळ्यात उपवनला गेलात की भाजलेलं कणीस सगळ्यांना खुणावतं. ते दातांनी ओढायचं नाही, दाणे हाताने सोडवून एकेक खायचे. ठाणे स्टेशनबाहेरचा कुंजविहारचा वडापाव माझ्या तळहाताएवढा. तो मी आता तुकडे करून खाते. मामलेदारच्या मिसळीला काही अडचण नाही, फक्त पाव रश्श्यात नीट भिजू द्या. तिखटाचं मात्र तुमचं तुम्ही बघा.

जबड्याची कड उठून दिसावी म्हणून चावायचे रबरी गोळे ऑनलाइन मिळतात. माझ्या भाच्याने आणले होते. दोन आठवड्यांत त्याचाही कान दुखायला लागला. गोळे आता त्याच्या कुत्र्याकडे आहेत.

रात्रीचं काय

सकाळी उठल्या उठल्या जबडा जड, कानशिलं दुखतात, असं असेल तर झोपेत दात खात असण्याची शक्यता बरीच. आईचं निदान तयार होतं. "जंत झालेत तुला, औषध घे." डेन्टिस्टबाई हसल्या. मोठ्या माणसांत यामागे ताण, अपुरी झोप, रात्रीची कॉफी, दारू, सिगरेट, काही औषधं अशी कारणं असतात. दात झिजताना दिसले तर त्या माप घेऊन रात्री घालायची टणक पट्टी बनवून देतात. त्याने दात खाण्याची सवय जात नाही, दात आणि सांधा वाचतात. तयार मऊ पट्ट्या दुकानात मिळतात. विचारल्याशिवाय घेऊ नका, मऊ पट्टी मिळाली की काही जण ती आणखी जोराने चावतात. पालथं झोपणंही सोडावं लागतं. मला ते अजून जमलेलं नाही, उशी बदलून पाहते आहे.

किती दिवस, आणि मग कुठे

मला तिसऱ्या आठवड्यात कानाचं दुखणं कमी झालं आणि दीड महिन्याने तिसरं बोट गेलं. कट् अजून अधूनमधून वाजतं, मी त्याच्याकडे लक्ष देत नाही. बहुतेकांचं दुखणं ऑपरेशनशिवाय आटोक्यात येतं, पण महिना-दीड महिना मनापासून करूनही फरक नसेल, किंवा वहीतली बोटं कमी होत असतील, तर पुढे दाखवायला हवं. विचारायचं ते 'ओरल मेडिसिन' किंवा 'ओरल सर्जरी' या विभागाला. आपल्याकडे नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा ही डेंटल कॉलेजं आहेत, खारघरला वाय. एम. टी. आहे. मुंबईत सीएसएमटीजवळ सरकारी डेंटल कॉलेज आणि मुंबई सेंट्रलला नायर. कॉलेजच्या ओपीडीत वेळ जातो, पण विद्यार्थी तपासतात आणि त्यांच्यामागे शिकवणारे डॉक्टर उभे असतात, त्यामुळे घाईघाईत काही सुटत नाही.

जाताना वही न्या. त्यात बोटं किती गेली, हनुवटी कुठे वळते, सकाळी जास्त दुखतं की संध्याकाळी, कोणत्या गोळ्या चालू आहेत, जबडा कधी अडकला होता का, एवढं असू द्या. आणि ओपीडीत नंबर येईपर्यंत बाकावर बसाल तेव्हा जीभ वर, दात सुटे.